लाल दांडी आणि चौथी तार

कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला, पॉवर केबल खुपसतात त्याच्या शेजारी, जुन्या एसएमपीएसवर, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, एक लाल प्लास्टिकची दांडी असते. नखाएवढी. तिच्यावर २३० हा आकडा दिसतो. स्क्रू ड्रायव्हरचं टोक खाचेत घालून ती बाजूला सरकवली, की २३० लपतो आणि ११५ दिसायला लागतो. ना कुलूप, ना झाकण. पंख्याच्या जाळीवरची धूळ झटकताना फडकं अडकूनसुद्धा ती हलू शकते. यंत्राच्या जिवावर बेतणारी कळ इतक्या हाताशी ठेवायची, ही रचना करणाऱ्यांची निष्काळजीच म्हणायची.

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातल्या युसूफ वडगावसारख्या गावात असा डबा झेरॉक्सच्या दुकानात, शाळेत, ग्रामपंचायतीत किंवा पीक विम्याचे अर्ज भरणाऱ्या सेवा केंद्रात भेटतो. अर्ज भरायची मुदत संपत आली की तिथे रात्री उशिरापर्यंत रांग असते. समजा, अशाच एखाद्या ठिकाणी ती दांडी ११५ वर गेली आणि कोणी बटण दाबलं. पापणी लवायच्या आत ‘फट्ट’ असा आवाज होतो, मागच्या जाळीतून पांढुरका धूर येतो, वास खोलीभर पसरतो, आणि बहुतेक वेळा बोर्डावरचा एमसीबीही पडतो. बघणारे म्हणतात, कॉम्प्युटर जळाला.

बहुतेक वेळा तो जळालेला नसतो. जळालेला असतो तो फक्त डबा, आणि डब्याचाही अर्धाच भाग. पण त्या अर्ध्या भागात त्या क्षणी जे घडतं, ते एकदा समजलं की गावातल्या विजेच्या खांबाकडेही माणूस वेगळ्या नजरेने बघू लागतो.

आधी २३० या आकड्याकडे बघू. सॉकेटमधला दाब कधीच २३० व्होल्टवर स्थिर नसतो. तो सेकंदाला पन्नास वेळा वर चढतो, शून्यावर येतो, उलट्या दिशेने तितकाच खाली जातो आणि परततो. २३० हा त्या लाटेकडून किती काम होतं यावरून काढलेला हिशेबी आकडा आहे. लाटेचा माथा त्याच्या १.४१४ पट उंच असतो, म्हणजे ३२५ व्होल्ट. घराघरातल्या सॉकेटमधून हे ३२५ सेकंदाला शंभर वेळा डोकावून जातात, पन्नासदा सुलट आणि पन्नासदा उलट.

एसएमपीएसमध्ये शिरलेली ही लाट आधी फ्यूजमधून जाते, मग चार डायोडच्या चौकटीत. डायोड म्हणजे एकदिशा मार्ग. चौघे मिळून उलटसुलट धावणाऱ्या विजेला एकाच बाजूला वळवतात. चौकटीपुढे दोन जाडजूड कॅपॅसिटर एकापाठोपाठ एक जोडलेले असतात. लाटेच्या माथ्यावर ते भरतात आणि दोन माथ्यांमधल्या काळात पुढच्या सर्किटला पुरवठा करत राहतात. दोघांवर मिळून ३२५ व्होल्ट, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे १६२. त्यांच्या अंगावर छापलेली मर्यादा असते २०० व्होल्टची. १६२ ला २०० हा फरक पुरेसा आहे, आणि वर्षानुवर्षं तो पुरतो.

आता दांडी. ती ११५ वर सरकवली की आत एकच तार जोडली जाते: दोन कॅपॅसिटरच्या मधला सांधा, त्या दोघांच्या जोडणीचा मध्यबिंदू, आत येणाऱ्या दोन तारांपैकी एकीला थेट मिळतो. बस्स. ना नवा पुर्जा, ना ट्रान्सफॉर्मरचे वेगळे वेढे. पण तेवढ्याने अख्ख्या सर्किटचा स्वभाव पालटतो. लाट सुलट असते तेव्हा फक्त वरचा कॅपॅसिटर भरतो, उलट असते तेव्हा फक्त खालचा. आधी एक माथा दोघांत वाटला जात होता. आता प्रत्येकाला स्वतःचा अख्खा माथा मिळतो. ११५ व्होल्टच्या लाटेचा माथा सुमारे १६२. वरच्याचे १६२, खालच्याचे १६२, दोघांवर मिळून पुन्हा ३२५. पुढच्या सर्किटला पत्ताही लागत नाही की आपण केजमध्ये आहोत की न्यू जर्सीत.

एका तारेच्या जोरावर निम्मी वीज दुप्पट करणारी ही युक्ती मला कायम थक्क करते. तिचं कूळही मोठं आहे. डायोड आणि कॅपॅसिटर वापरून व्होल्टेज दुप्पट करण्याची कल्पना स्विस भौतिकशास्त्रज्ञ हाइनरिख ग्राइनाखर यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला मांडली, आणि पुढे तेच थर एकावर एक रचून व्होल्टेज कितीही पट वाढवता येतं हेही दाखवलं. त्याच रचनेचा उंच मनोरा केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जॉन कॉक्रॉफ्ट आणि अर्नेस्ट वॉल्टन यांनी उभा केला. काही लाख व्होल्टने प्रोटॉन पळवून १९३२ मध्ये त्यांनी लिथियमचं अणुकेंद्र फोडलं, आणि १९५१ चं नोबेल मिळवलं. झेरॉक्सच्या दुकानात धूळ खात पडलेला डबा त्या मनोऱ्याच्या भावकीतला आहे.

मग चूक झाली की काय होतं? दांडी ११५ वर, म्हणजे सर्किट दुप्पट करायला सज्ज. आणि सॉकेटमध्ये २३०. प्रत्येक कॅपॅसिटरला आता अख्खा ३२५ चा माथा मिळतो. दोघांवर मिळून ६५० व्होल्ट. २०० ची मर्यादा असलेल्याच्या अंगावर ३२५ येतात, आणि त्यांना तिथवर पोचायला लाटेची एक फेरी, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग, पुरतो. शिवाय कॅपॅसिटरमधली ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, त्यामुळे व्होल्टेज दुप्पट झालं की कोंडलेली ऊर्जा चौपट होते.

या जातीच्या कॅपॅसिटरच्या आत अॅल्युमिनियमच्या दोन लांबलचक पट्ट्या असतात. मध्ये रसायनात भिजवलेला कागद घालून त्यांची घट्ट गुंडाळी केलेली असते. पण वीज अडवून धरण्याचं काम हा कागद करत नाही. ते करतो एका पट्टीवर मुद्दाम चढवलेला अॅल्युमिनियम ऑक्साइडचा पापुद्रा. त्याची जाडी कॅपॅसिटर किती व्होल्टसाठी घडवलाय त्यावर ठरते: दर व्होल्टमागे साधारण दीड नॅनोमीटर. म्हणजे २०० व्होल्टच्या कॅपॅसिटरमधला पापुद्रा अर्ध्या मायक्रोमीटरपेक्षाही पातळ. आपला केस त्याच्या शंभर पटीहून जाड असतो. इतक्याशा पापुद्र्याच्या भरवशावर ३२५ व्होल्ट उभे राहिले, की तो जागोजाग भेदला जातो. गळती सुरू होते, गळतीने उष्णता, उष्णतेने रसायनाची वाफ, सोबत हायड्रोजन. वरचं सपाट टोपण तव्यावरच्या भाकरीसारखं फुगतं. त्या टोपणावर कारखान्यातच फुलीच्या आकाराच्या खाचा पाडलेल्या असतात, त्या उगीच नसतात. फुटायचंच तर ठरलेल्या जागी फुटावं, अॅल्युमिनियमच्या चिंधड्या होऊन उडू नयेत, यासाठी त्या असतात. ‘फट्ट’ आवाज तिथला आणि पांढुरका धूरही तिथला. डबा उघडल्यावर आत कापसासारखं काही पसरलेलं दिसतं, तो त्या गुंडाळीतला कागद.

पण मरणाचा क्रम दर वेळी हाच असेल असं नाही. बऱ्या बनावटीच्या डब्यात प्रत्येक कॅपॅसिटरला समांतर एकेक व्हॅरिस्टर बसवलेला असतो. ठरावीक व्होल्टेजच्या वर तो अचानक वीज वाहून न्यायला लागतो. पूर आलेला प्रवाह तो स्वतःवर ओढून घेतो, फ्यूज वितळतो, आणि व्हॅरिस्टर काळा पडून मरतो. स्वस्त डब्यात ही जागा रिकामी असते. बोर्डावर त्याच्यासाठी पाडलेली दोन छिद्रं दिसतात, पुर्जा नसतो. तिथे मग पुढची पाळी स्विचिंग ट्रान्झिस्टरची. जुन्या एसएमपीएसमध्ये हटकून सापडणारा १३००७ हा ट्रान्झिस्टर चालू-बंद होताना ४०० व्होल्टपर्यंत सुरक्षित असतो. ६५० पुढे त्याचा टिकाव लागत नाही. तो आतून वितळून कायमचा शॉर्ट होतो, त्या शॉर्टमधून धावणाऱ्या प्रवाहाने डायोडची चौकट फुटते, आणि काचेचा फ्यूज आरशासारखा चमकू लागतो, कारण त्याची तार वाफ होऊन काचेला आतून चिकटलेली असते. केज किंवा अंबाजोगाईच्या बाजारात दुरुस्ती करणाऱ्याने नुसता फ्यूज बघूनच मान हलवली, तर त्यात भविष्य सांगण्यासारखं काही नसतं. तार एका जागी तुटलेली दिसली तर साधा जादा भार. काच काळी किंवा चकचकीत झाली तर पुढे मोठा शॉर्ट.

एवढ्या सगळ्यातून मदरबोर्ड वाचतो कसा?

कारण या ३२५ व्होल्टचा आणि मदरबोर्डाचा तारेचा संबंधच नसतो. ट्रान्झिस्टर त्या सरळ विजेचे सेकंदाला काही दहा हजार तुकडे पाडतात, आणि हे तुकडे फेराइटच्या काळ्या गाभ्यावर गुंडाळलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या एका वेढ्यातून जातात. दुसरा वेढा वेगळा. दोघांच्या मध्ये फक्त चुंबकीय क्षेत्र. वीज सतत बदलत असेल तरच हे क्षेत्र तिला पलीकडे पोचवतं. ट्रान्झिस्टर मेला की तुकडे पडायचे थांबतात, आणि पलीकडचा पुरवठा आपोआप शून्य होतो. शॉर्ट होऊन मेलेला ट्रान्झिस्टर त्याच्या बाजूला कितीही आग लावो, पलीकडे तिची झळ बहुतेकदा जात नाही. ‘बहुतेकदा’ हा शब्द मुद्दाम वापरतोय. अगदी स्वस्त डबा मरता मरता पलीकडे एखादा भलताच ठोका देऊ शकतो, आणि मग हार्ड डिस्क किंवा मदरबोर्ड त्याच्यासोबत जातो.

तुकडे पाडण्याचा आणखी एक फायदा आहे. पन्नास फेऱ्यांच्या विजेवर तीनशे वॉटचा ट्रान्सफॉर्मर करायचा तर तो काही किलोंचा लोखंडी ठोकळा होईल. फेऱ्या हजार पटीने वाढवल्या की तेच काम तळहातावर मावणारा फेराइटचा तुकडा करतो. १९७७ च्या अॅपल टू साठी रॉड होल्ट यांनी असा स्विचिंग पुरवठा रचला, म्हणून तो कॉम्प्युटर प्लास्टिकच्या पातळ खोक्यात बसू शकला. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट निघतात. पण ती अजून मधली पायरी आहे. प्रोसेसरला लागतो जेमतेम सव्वा व्होल्ट, पण प्रवाह प्रचंड. ६५ वॉटचा प्रोसेसर सव्वा व्होल्टवर भरात चालतो तेव्हा त्याच्या तोंडी ५० अँपिअरहून जास्त प्रवाह असतो. घरातल्या मिक्सरला लागतो तो प्रवाह अडीच-तीन अँपिअरचा. दिव्याच्या वातीइतकंही तेज न दाखवणारी ती चिप त्याच्या सतरा ते वीस पट प्रवाह गिळते. सॉकेटमधल्या ३२५ च्या माथ्यापासून सव्वा व्होल्टपर्यंतचा उतार दोन वीत अंतरात पार होतो.

उलटी चूक मात्र निरुपद्रवी आहे. दांडी २३० वर ठेवून कॉम्प्युटर अमेरिकेत लावला, तर कॅपॅसिटरवर अपेक्षेच्या निम्मेच व्होल्ट येतात, डबा उठतच नाही, आणि दांडी सरकवली की काही न झाल्यासारखा चालू होतो. पुण्याहून न्यू जर्सीला गेलेल्या कुटुंबाला ही सवलत मिळते. न्यू जर्सीहून पुण्याला परतणाऱ्याला नाही. साधी उपकरणंही अशीच वागतात. इथला मिक्सर तिथे रडत फिरतो, म्हणून मराठी घरांत ओट्याखाली व्होल्टेज वाढवणारा जड ट्रान्सफॉर्मर ठेवलेला दिसायचा. तिथली इस्त्री इथे लावली तर व्होल्टेज दुप्पट, म्हणून उष्णता चौपट: हजार वॉटची इस्त्री चार हजार वॉटची होऊ बघते आणि काही क्षणांत तिचं कॉइल जातं.

जगाचे असे दोन भाग पडले ते एका दिव्यामुळे. ४ सप्टेंबर १८८२ ला थॉमस एडिसन यांचं पर्ल स्ट्रीटचं वीजकेंद्र न्यूयॉर्कमध्ये सुरू झालं, तेव्हा कार्बनच्या तंतूचे दिवे साधारण शंभर व्होल्टवर नीट टिकत, म्हणून वाटेतली घट धरून ११० च्या आसपासचा आकडा ठरला. पुढे दिवे सुधारले. बर्लिनच्या वीज कंपनीने १८९९ मध्ये हिशेब केला: व्होल्टेज दुप्पट केलं तर तितक्याच कामाला प्रवाह निम्मा लागतो, आणि तितकीच टक्के घट मान्य केली तर तांबं पाव हिश्शात भागतं. कंपनीने २२० धरलं, आणि युरोप हळूहळू त्याच वाटेने गेला. ब्रिटिश अमलातल्या हिंदुस्थानात २३०-२४० ची रीत आली. अमेरिकेत तोवर इतक्या घरांत ११० चे दिवे लागले होते की सगळं उपटून पुन्हा लावणं परवडणारं नव्हतं. म्हणजे १८८२ च्या कोळशाच्या तंतूचा नाजूकपणा त्या लाल दांडीवर ११५ होऊन बसलाय.

दोन व्होल्टेजांच्या मधोमध जगायची वेळ आपल्याकडे एका फार मोठ्या यंत्रावर आली होती. ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी धावली, ती १५०० व्होल्टच्या सरळ विजेवर. देशातल्या बाकी रेल्वेने नंतर २५,००० व्होल्टची उलटसुलट वीज पसंत केली. मुंबईचं बेट आणि उरलेला देश यांच्यात सोळा पटींहून मोठी दरी पडली. घाट चढून आलेली गाडी इगतपुरीला थांबायची, इंजिन बदलायचं, आणि तोवर प्रवासी चहा घ्यायचे. दोन्ही विजांवर चालणारी इंजिनं सत्तरच्या दशकापासून आली. ती चाकांवरची लाल दांडीच, फक्त तिथे दोन विजांच्या मध्ये मुद्दाम वीज नसलेला तारेचा तुकडा ठेवलेला असे, आणि गाडी तो नुसत्या वेगावर पार करे. शेवटी पश्चिम रेल्वेने २०१२ मध्ये, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाने २०१५ मध्ये आणि हार्बरने २०१६ मध्ये १५०० ला निरोप दिला.

पण युसूफ वडगावात दांडी न हलवताही कॉम्प्युटर तसाच फुटू शकतो, आणि माझ्या मते या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट इथे आहे.

बीड जिल्ह्याच्या पूर्व टोकाला परळी वैजनाथ. तिथे १९७१ पासून औष्णिक वीजकेंद्र आहे. कोळसा बाहेरून आणि पाणी गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून, म्हणून २०१३ आणि २०१५ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून ते अख्खं बंद ठेवावं लागलं होतं. तिथल्या २१० मेगावॉटच्या जुन्या संचांतून वीज १५,७५० व्होल्टने बाहेर पडायची. जन्मताच तिला चढवून लाखांत न्यायचं, कारण लांबच्या वाटेला प्रवाह कमी हवा. अंबाजोगाईजवळ गिरवलीला चार लाख व्होल्टचं उपकेंद्र आहे. तिथून उतरण सुरू होते: २२० हजार, १३२ हजार, ३३ हजार, ११ हजार. खांबांवरून गावाकडे येणारी ११ हजारांची लाइन नीट बघा, तिच्यात तीनच तारा असतात. गावाच्या डीपीपाशी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशी, पोचल्यावर मात्र पुढच्या खांबांवर चौथी तार उगवते.

ही चौथी तार वीजकेंद्रातून आलेली नाही. ती डीपीतच जन्मते. ट्रान्सफॉर्मरच्या आत गावाकडच्या बाजूला तीन वेढे असतात, तिन्हींची एकेक टोकं एका बिंदूत बांधलेली असतात, आणि त्या मध्यबिंदूतून निघते ती न्यूट्रल. हा बिंदू खड्डा खणून जमिनीशीही जोडतात. तीन फेजपैकी कोणतीही एक आणि हा मध्यबिंदू यांच्यात २३०. कोणत्याही दोन फेजमध्ये ४००. गावातलं प्रत्येक घर आपल्या एका फेजवर आणि या एकाच सामाईक मध्यबिंदूवर उभं असतं.

म्हणजे डब्यात जे घडतं त्याची ही उलटी बाजू. डब्यात मध्यबिंदू नको तिथे जोडला की घात होतो. गावात मध्यबिंदू हवा तिथून सुटला की घात होतो.

डीपीवरचा न्यूट्रलचा बोल्ट ढिला होतो, तापून तापून जोड जळतो, किंवा वाऱ्यात फांदी पडून तार तुटते. आता घरांना परतीची वाट उरत नाही. एका फेजवरच्या घरातून निघालेला प्रवाह तुटक्या न्यूट्रलवरून शेजारच्या, दुसऱ्या फेजवरच्या घरात शिरतो आणि तिथून परततो. दोन घरं नकळत एकापाठोपाठ एक जोडली जातात, आणि त्या दोघांवर मिळून ४०० व्होल्ट उभे राहतात. हिशेबापुरती दोनच घरं धरू. एकात शंभर वॉटचा दिवा, दुसऱ्यात हजार वॉटचा हीटर. ४०० ची वाटणी समान होत नाही. ज्याचा अवरोध जास्त त्याच्या वाट्याला व्होल्ट जास्त. दिव्याच्या घरात सुमारे ३६४ व्होल्ट येतात, हीटरच्या घरात अवघे ३६. जो विजेला जपून वापरतो त्याच्याच घरात टीव्ही फुटतो. ज्याच्याकडे हीटर धडधडतोय त्याला वाटतं, लाइट डिम झाली. गावात लोक म्हणतात, ‘हाय व्होल्टेज आलं.’ कुठून जास्त आलेलं नसतं. तेवढंच होतं, मधला टेकू गेल्याने एका बाजूला झुकलं.

अशा वेळी २३० वर नीट ठेवलेल्या एसएमपीएसचं काय? एखाद्या घरात जवळजवळ सगळे ४०० आले तर माथा ५६६. दोन कॅपॅसिटरमध्ये वाटून प्रत्येकी २८३. मर्यादा २००. तोच ‘फट्ट’, तोच पांढुरका धूर, तोच चकचकीत फ्यूज. दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर हे दोन डबे शेजारी ठेवले, तर दांडीकडे बघितल्याशिवाय कोणता चुकीने मेला आणि कोणता न्यूट्रलने, हे ओळखणं कठीण. एक्स्टेन्शन बोर्डातला स्पाइक बस्टर इथे उपयोगी पडत नाही. तो सेकंदाच्या लाखाव्या भागात येऊन जाणाऱ्या टोचेसाठी असतो; ४०० व्होल्ट मिनिटभर उभे राहिले तर आधी तोच जळतो. जादा व्होल्टेजला पुरवठा तोडणारा स्टॅबिलायझर मात्र काम करतो.

डीपीजवळच्या अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरलेलं असतं. त्यात ओल असेल, आणि सुटलेल्या न्यूट्रलला पुढे कुठेतरी जमिनीची जोड असेल, तर थोडा प्रवाह मातीतून परततो आणि झुकणं काहीसं सावरतं. मराठवाड्यातल्या एप्रिल-मे महिन्यांत मातीला भेगा पडतात, खड्डा कोरडाठाक होतो, आणि मातीचा अवरोध कितीतरी वाढतो. लाइनमन उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी ओतायला सांगतात, ते यासाठीही. प्यायच्या पाण्याचे टँकर येत असताना डीपीला बादलीभर पाणी घालणारा माणूस वेडा वाटू शकतो. तो गावातले टीव्ही वाचवत असू शकतो.

आता नव्या डब्यांवरून लाल दांडी नाहीशी होत चालली आहे. जुन्या रचनेत कॅपॅसिटर फक्त लाटेच्या माथ्यावर घोट घेतात आणि लाटेचा आकार बिघडवतात. लाखो कॉम्प्युटर असं करायला लागल्यावर वीज कंपन्यांना ते नकोसं झालं. युरोपात २००१ पासून यावर बंधन आलं, आणि सुरुवातीलाच एक जास्तीचं सर्किट बसू लागलं. ते लाटेभर सारखी वीज घेतं आणि आत ९० व्होल्ट येवोत की २६०, सगळ्याला उचलून ३८०-४०० वर नेऊन ठेवतं. दांडीची गरजच संपली. मोबाइलच्या चार्जरवर तर बारीक अक्षरांत १००-२४० छापलेलं असतं; टोकियोच्या शंभरापासून केजच्या दोनशे तीसपर्यंत तो निमूट चालतो, कारण त्याचं सर्किट तुकड्यांची रुंदी कमीजास्त करून बाहेर नेहमी तेच व्होल्ट देतं. पण २४० च्या पुढे त्यालाही सीमा आहे. त्याच्या आतल्या कॅपॅसिटरवर साधारण ४०० व्होल्टची मर्यादा असते आणि न्यूट्रल तुटल्यावर माथा येतो ५६६ चा. जगभर फिरून आलेला चार्जर गावातल्या डीपीच्या एका ढिल्या बोल्टने मरतो.

मेलेला डबा दुरुस्त झाला की जाणता कारागीर तो थेट सॉकेटमध्ये लावत नाही. शंभर वॉटचा जुना पिवळा बल्ब वाटेत एकापाठोपाठ जोडतो, त्याला सिरीज बल्ब म्हणतात. आत अजून शॉर्ट असेल तर सगळे २३० बल्बवरच पडतात आणि तो लख्ख पेटतो, डब्याला काही होत नाही. सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर चमकून विझतो. ती चमक म्हणजे दोन नवे कॅपॅसिटर ३२५ पर्यंत भरल्याची खूण. मग चोवीस पिनांच्या जोडातली हिरवी तार काळीला टेकवायची. पंखा फिरला की डबा जिवंत. हे घरी करून बघू नका. पिन काढल्यावरही ते ३२५ व्होल्ट कॅपॅसिटरमध्ये काही मिनिटं तसेच बसून असतात, आणि माणसाच्या हाताची त्यांना काही ओळख नसते.

घरी करण्यासारखं एकच आहे. एखाद्या संध्याकाळी आपल्याकडचा दिवा अचानक डोळे दिपवू लागला आणि शेजारच्या घरातला त्याच वेळी मंदावला, तर रिमोट शोधत बसू नका, एकेक पिन काढत बसू नका. मीटरजवळचा मेन स्विच खाली ओढा, शेजाऱ्यांनाही ओरडून तेच करायला सांगा, आणि वायरमनला फोन करून ‘व्होल्टेज वाढलंय’ असं न सांगता ‘न्यूट्रल गेलाय’ असं सांगा. तो थेट डीपीकडे जाईल.